धडक बसल्यावर लेकराची कार सीट बदलली – नवी पेठेतल्या दुकानाचा आमचा अनुभव

गाडीला मागून-बाजूने थोडी धडक बसलीय, कोणाला काही लागलं नाही, गाडी चालवत घरी आणलीय आणि आता मागच्या सीटवरच्या लेकराच्या कार सीटकडे बघून "ही तर ठणठणीत दिसतेय, चालेल ना?" असा प्रश्न पडलाय, अशा आईबापांसाठी हे लिहितेय. सोलापुरात ह्या विषयावर नीट बोलणारा माणूस सापडायला आम्हाला लई वेळ लागला, शेवटी नवी पेठेतल्या ह्या दुकानात सापडला, म्हणून दुकानाबद्दल आणि सीटबद्दल दोन्ही सविस्तर सांगते. दुकानाला पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

झालं असं की होटगी रोडवर सिग्नलला आम्ही उभे होतो, मागून माल भरलेला छोटा टेम्पो येऊन डाव्या कोपऱ्यावर आपटला. स्पीड फार नव्हता, ब्रेक मारत मारतच आला होता. बंपर तुटला, डिकीचं झाकण आत गेलं, डावीकडचा टेल लॅम्प फुटला. एअरबॅग उघडली नाही. आमची लेक चिऊ डाव्या बाजूलाच मागे तिच्या सीटमध्ये बेल्ट लावून बसलेली, आवाजाने घाबरून रडली, पण मानेला, पोटाला, खांद्याला कुठेच काही नाही. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सगळं तपासलं आणि बेल्टात होती म्हणून बरं झालं म्हणाले. चिऊ दोन वर्षांची आहे, वजन 12 किलो.

गाडीचं डेंटिंग-पेंटिंग गॅरेजवाल्याकडे गेलं, ते होणारच होतं. प्रश्न होता सीटचा. सासूबाई म्हणाल्या सीटला ओरखडासुद्धा नाही, कव्हर धुवून टाक आणि वापर, एवढे हजार रुपये परत कशाला घालायचे. नवराही आधी तेच म्हणत होता. आणि खरं सांगायचं तर बाहेरून बघितल्यावर कोणीही तेच म्हणेल.

मग मी सीटचं माहितीपुस्तक शोधून काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कुठल्याही अपघातानंतर, नुकसान दिसो वा न दिसो, सीट बदला. हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. अमेरिकेची रस्ता सुरक्षेची सरकारी संस्था एनएचटीएसए म्हणते की धडक किरकोळ असेल तर सीट बदललीच पाहिजे असं नाही, पण किरकोळ कशाला म्हणायचं त्याच्या पाच अटी आहेत आणि पाचही एकदम पूर्ण व्हायला लागतात. गाडी जागेवरून चालवत नेता आली पाहिजे, सीटच्या जवळच्या दरवाजाला काही झालेलं नको, गाडीतल्या कोणालाच इजा नको, एअरबॅग उघडलेली नको आणि सीटवर दिसण्यासारखं नुकसान नको. ह्यातली एक जरी चुकली तरी ती धडक किरकोळ राहत नाही आणि सीट बदलायची. आणि सगळ्या पूर्ण झाल्या तरी कंपनी "बदला" म्हणत असेल तर कंपनीचं ऐकायचं, कारण ती सीट कशाची बनलीय आणि किती सोसते हे त्यांनाच माहीत.

आमचं चार अटींना होय होतं. दरवाजाची अडली. डावीकडचा मागचा दरवाजा बघायला चांगला होता, पण बंद करताना खालून घासायला लागला होता, गॅरेजवाल्याने दाखवलं की मागचा पत्रा सरकलाय म्हणून दरवाजाची फट बदललीय. म्हणजे मार दरवाजापर्यंत पोचला होता. आणि सीट त्याच दरवाजाला लागून होती. तिथेच माझा निर्णय झाला.

आता दुकानाचं. पहिल्यांदा आम्ही दुसऱ्याच एका मोठ्या दुकानात गेलो होतो, नाव लिहीत नाही, तिथल्या पोराने सीट न बघताच सांगितलं की ताई काय होत नाही, प्लॅस्टिक आहे, लोखंड थोडंच आहे वाकायला. आणि लगेच वरचं नवीन कव्हर विकायला काढलं. तिथून निघालो.

नवी पेठेतलं हे दुकान लहान आहे, पुढे पाळणे, वॉकर, सायकली, आणि कार सीट मागच्या खोलीत. मालक वयस्कर आहेत, पोरांशी तेलुगूत बोलतात, आमच्याशी मराठीत. त्यांना सगळं सांगितलं तर पहिला प्रश्न, "ताई, धडकेच्या वेळी लेकरू सीटमध्ये होतं का?" दुसरा, "पुस्तक आणलंय का?" तिसरा, "जुनी सीट गाडीत आहे का, आणा बघू." विकायची घाई कुठे दिसली नाही.

जुनी सीट त्यांनी टेबलावर ठेवली, कव्हर पूर्ण काढलं. मी ते आधी कधी एवढं काढलंच नव्हतं, धुताना सुद्धा वरवरच निघतं. आत डोक्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा कडक फोम असतो, थर्माकोलच्या जातीतला, त्याला ईपीएस म्हणतात. डावीकडच्या तुकड्याला बोटभर लांबीची चीर होती आणि तिथला फोम दाबला गेलेला. उजवीकडे हात फिरवला तर गुळगुळीत. मालक म्हणाले, हा फोम एकदाच काम करतो, दाबला जाऊन मार खातो आणि परत फुगत नाही, हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बदलतात ना, तसंच हे. नवरा तेव्हापासून सीट चालेल म्हणायचा बंद झाला.

त्यांनी अजून एक दाखवलं. बेल्टची पट्टी उजेडात धरून सीटच्या भोकातून जिथे जाते तिथे बघा म्हणाले, ताण बसला की तिथला धागा चपटा-चकचकीत होतो. आमच्या पट्टीवर तसं काही पक्कं दिसलं नाही आणि त्यांनी तेही सरळ सांगितलं की पट्टीचं मला सांगता येत नाही, प्लॅस्टिकमधली बारीक तडही डोळ्याला दिसेलच असं नाही, पण फोम गेलाय हे नक्की. जेवढं दिसलं तेवढंच बोलला माणूस. मला हे फार आवडलं.

ज्यांना वाटतं हळू धडकेत काय एवढा जोर असतो, त्यांनी एकदा हिशोब करून बघावा, नवऱ्याला मी कागदावर करून दाखवला. गाडी 40 च्या स्पीडला आहे आणि धडकेत अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या साधारण साडेबारा पट जोर येतो. 12 किलोच्या लेकरासाठी दीडशे किलो. मांडीवर घेतलेलं लेकरू दीडशे किलोच्या ओढीला कुठली आई धरून ठेवणार, कितीही घट्ट धरलं तरी. आणि हा सगळा जोर सीटचे पट्टे, बकल, कवच आणि गाडीला बांधलेला बेल्ट हेच झेलतात. आमची धडक एवढी मोठी नव्हती हे मान्य, पण फोमला चीर पडण्याएवढी होती की.

इथे एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही आणि मालकांनी सांगितली. जुनी सीट आम्ही गाडीच्या सीट बेल्टने बांधत होतो. तो बेल्टही धडकेत ताणला गेलेला असू शकतो, तेव्हा गॅरेजला सांगून मागचे बेल्ट, त्यांचे बकल आणि खालचे आयसोफिक्सचे हुक (बेल्टशिवाय कार सीट थेट गाडीला अडकवायचे) सगळं तपासून घ्या, मगच नवी सीट बसवा. आम्ही गॅरेजवाल्याला सांगितलं, त्याने मागची बैठक उचलून हुक ज्या पत्र्याला वेल्ड केलेत तो पत्रा बघितला, डिकीच्या बाजूचा टॉप टेदरचा, म्हणजे कार सीटचा वरचा पट्टा अडकवायचा हुकही बघितला. हुक सरळ होते, डावीकडचा बेल्ट मात्र झटका दिल्यावर लॉक व्हायला पाहिजे तसा होत नव्हता, तो बदलून घेतला. तो इन्शुरन्समध्ये बसला.

कार सीट मात्र इन्शुरन्समध्ये बसली नाही. सर्व्हेअर म्हणाले गाडीला कायम बसवलेली वस्तू नाही, सामानात मोडते, आणि सामानासाठी वेगळा ॲड-ऑन लागतो जो आमच्या पॉलिसीत नाही. ज्यांचं रिन्यूअल जवळ आलंय त्यांनी आपल्या एजंटला एवढं एक विचारून घ्या, पर्सनल बिलाँगिंग्जच्या कव्हरमध्ये कार सीट धरतात का आणि किती रुपयांपर्यंत, आणि उत्तर तोंडी नको, पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगा. टेम्पोवाल्याच्या थर्ड पार्टी पॉलिसीतून मिळवायचं तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावायचा, एका सीटसाठी तेवढं कोण करणार. टेम्पोच्या मालकांनी स्वतः होऊन थोडे पैसे दिले, सीटच्या किमतीच्या मानाने निम्मेही नव्हते, पण दिले, माणूस भला होता.

नवी सीट निवडण्यात दुकानाने जे केलं त्यासाठी खरं तर पाच स्टार. मालकांनी कुठल्याही डब्यावरचं चित्र दाखवलं नाही, सीट उलटी करून खालचं केशरी लेबल दाखवलं. त्या लेबलवर गोलात ई आणि एक आकडा असतो, तो आकडा म्हणजे कुठल्या देशाने मंजुरी दिली, ई 1 म्हणजे जर्मनी, ई 4 म्हणजे नेदरलँड्स. खाली कुठल्या नियमाखाली पास झाली ते असतं. हे संयुक्त राष्ट्रांचे नियम, जुना आर 44, त्यात सीट किलोप्रमाणे, 9 ते 18 किलो वगैरे गट. नवा आर 129, त्यात सेंटिमीटरप्रमाणे, आणि त्यात बाजूने होणाऱ्या धडकेची टेस्टसुद्धा असते जी आर 44 मध्ये नव्हती. आमची जुनी आर 44 ची होती. आमच्या गाडीला कोपऱ्यावर मार बसलेला, त्यामुळे बाजूच्या टेस्टचं ऐकल्यावर मी तरी आर 129 शिवाय घ्यायचं नाही हे ठरवून टाकलं. भारताचं स्वतःचं मानक एआयएस 072 आहे, लेबलवर ह्यातलं काहीच नसेल तर ती सीट नुसती गादी आहे, स्वस्तातली मिळते म्हणून घेऊ नका.

शेवटी घेतली ती 40 ते 105 सेंटिमीटरची, आयसोफिक्स आणि वरचा टेदर असलेली, गोल फिरणारी. 17 हजाराच्या थोडी वर गेली. पैसे जास्त आहेत हे मला कळतं, आमच्यासाठीही जास्तच होते. त्याच दुकानात 9-10 हजाराला बेल्टने बांधायची सीट होती आणि मालकांनी तीही मनापासून दाखवली, म्हणाले नीट बांधली तर बेल्टची सीटही चांगलं काम करते, आयसोफिक्सचा फायदा एवढाच की चुकीची बसायची शक्यता कमी. माझ्या सारखी सीट ज्यांना परवडत नाही त्यांनी बेल्टचीच घ्यावी पण नवीन घ्यावी आणि बांधायला शिकून घ्यावी. ओएलएक्सवर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर येणाऱ्या जुन्या सीट घेऊ नका म्हणून हात जोडून सांगते. ती आधी कुठल्या धडकेत होती हे विकणारा सांगणार नाही, कधी कधी त्यालाही माहीत नसतं. प्लॅस्टिकची मुदतही असते, सीटच्या खाली किंवा पाठीमागे तयार केल्याची तारीख असते, बहुतेक कंपन्या 6 ते 10 वर्षं धरतात.

पैसे द्यायच्या आधी सीट गाडीत बसवून बघायची, हा ह्या दुकानाचा नियम आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच. ऑनलाइन घेतली असती तर हजार-दीड हजार वाचले असते, मी बघितलं होतं. पण सीट आणि गाडी एकमेकांना जमतील असं नाही. पहिली जी आम्हाला आवडली होती ती आमच्या हॅचबॅकमध्ये मागे तोंड करून ठेवली तर पुढची सीट इतकी पुढे घ्यायला लागली की नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला. ती नाही घेतली. नवी पेठेत गाडी उभी करायला जागा नाही हे तुम्हाला मी सांगायला नको, तर दुकानातला मुलगा दोन सीट हातगाड्यावर टाकून पार्क चौकाच्या बाजूला जिथे आम्ही गाडी लावली होती तिथपर्यंत आला, उन्हात, आणि दोन्ही बसवून दाखवल्या. त्याला वेगळे पैसे देत होतो तर घेतले नाहीत, मालक रागावतात म्हणाला.

बसवायचं त्याने आम्हाला दोघांकडून स्वतः करून घेतलं, तो नुसता बघत उभा. आयसोफिक्सचे दोन्ही हात हुकात टक् करून बसले की हिरवी खूण दिसते, दोन्ही बाजूंना दिसली पाहिजे, एकच हिरवी म्हणजे अजून बसलेली नाही. मग सीट खालून जिथे जोडलीय तिथे धरून हलवायची, एक इंचापेक्षा जास्त हलायला नको. वरचं टोक धरून हलवलं तर हलणारच, ते बघायचं नाही. चिऊला बसवून पट्टे ओढले, खांद्यावर पट्टी चिमटीत धरून घडी पडते का बघायची, पडली तर सैल आहे. पट्टे कुठल्या उंचीवर पाहिजेत हेही उलटसुलट असतं, मागे तोंड करून बसलेल्या लेकराला खांद्याच्या लेव्हलला किंवा थोडे खाली, पुढे तोंड असेल तर खांद्याच्या लेव्हलला किंवा थोडे वर. जुन्या सीटच्या वेळी, जी आम्ही ऑनलाइन मागवली होती, हे कोणी सांगणारंच नव्हतं.

मालकांचा आग्रह मागे तोंड करून बसवायचा. आर 129 मध्ये 15 महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला परवानगीच नाही, चिऊ त्याच्या पुढे गेलीय, पण सीटच्या मर्यादेत बसते तोवर मागेच तोंड ठेवा म्हणाले. लहान लेकराचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची, समोरून धडक बसली तर मागे तोंड असताना सगळी पाठ, मान, डोकं सीटच्या पाठीवर एकत्र टेकतं, पुढे तोंड असताना अंग पट्ट्यात अडकतं आणि डोकं पुढे जातं. सासूबाईंना काळजी होती की पाय दुमडतात, पोरगी कंटाळेल. पहिल्या फेरीला विजापूर रोडपासून जुळे सोलापूरपर्यंत रडली, हे खरं. आता मांडी घालून बसते, मागच्या काचेतून मागच्या गाड्यांना टाटा करते. फिरणाऱ्या सीटमुळे बसवताना दरवाजाकडे वळवता येते, वाकून कंबर दुखत नाही, सासूबाई स्वतः बसवायला लागल्यात. पुढच्या पॅसेंजर सीटवर मात्र मागे तोंड केलेली सीट ठेवायची नाही, एअरबॅग चालू असेल तर ती थेट सीटच्या पाठीवर उघडते.

सोलापूरच्या उन्हाचं वेगळं लिहायला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये 42-43 पर्यंत पारा जातो, गाडी अर्धा तास बाहेर राहिली की बकलचा धातू हाताला लागत नाही, लेकराच्या मांडीला लागला तर चटका बसलाच. मला काळी आवडली होती, मालकांनी फिकट करडी घ्यायला लावली आणि बरं झालं. गाडी पार्क करताना सीटवर आपला सोलापुरी पांढरा टॉवेल टाकून ठेवते, बसवायच्या आधी काढते. टॉवेल लेकराखाली किंवा पाठीमागे घालून वरून पट्टे लावायचे नाहीत, जाड कपडा मध्ये आला की पट्टे वरून घट्ट वाटतात आणि धडकेत सैल पडतात. घाम येतो म्हणून बाजारात ज्या जाळीच्या गाद्या मिळतात त्या सुद्धा सीटच्या कंपनीच्या नसतील तर नको म्हणाले, स्वतः विकत असून.

आता कापलेला स्टार. फिकट करडी दुकानात नव्हती, पुण्याहून मागवायला लागली, "परवा येते" म्हणाले आणि आठवडा उलटून गेला, फोन केला की दर वेळी "निघालीय ताई". तोवर आम्ही चिऊला गाडीत घेतलंच नाही, तुळजापूरला जायचं होतं ते पुढे ढकललं, गाडी गॅरेजमधून येऊन दारात उभी. सीट नसलेल्या दिवसात काय करायचं हा प्रश्न खरा आहे, दुकानात चालवायला द्यायला एखादी सीट ठेवली, भाड्याने का होईना, तर लोकांवर उपकार होतील. दुसरं, बिलावर फक्त "कार सीट" एवढंच लिहिलं होतं, मॉडेल नाही, बॅच नंबर नाही. कंपनीने उद्या एखादा लॉट परत मागवला किंवा आपल्याला वॉरंटी लागली तर त्या बिलाचा काही उपयोग नाही. सांगितल्यावर लगेच नवीन बिल करून दिलं, पण सांगायला लागलं. आणि डब्यात आयसोफिक्सच्या हुकाला लावायच्या प्लॅस्टिकच्या दोन खोबणी असतात, बसवताना सीटचं कापड फाटू नये म्हणून, त्या नव्हत्याच. अजून यायच्यात.

जुन्या सीटचं काय केलं तेही लिहिते कारण ह्यावरून घरात थोडं तापलं. नणंदेला बाळ होणार आहे, सासूबाईंचं म्हणणं सीट धुवून तिला देऊ, नुसती पडून राहण्यापेक्षा. मी फोमची चीर त्यांना दाखवली, बोट घालून बघा म्हणलं. बघितल्यावर त्याच म्हणाल्या, लेकीच्या लेकराला असलं नको गं. मग कोणालाच नको. भंगारवाला आख्खी सीट मागत होता, जास्त पैसे देतो म्हणाला, म्हणजे ती पुढे कुठेतरी विकली जाणार हे उघड होतं. पट्टे कात्रीने कापले, कव्हर वेगळं केलं, प्लॅस्टिकवर मार्करने "अपघातातली, वापरू नये" असं मोठं लिहिलं आणि मग प्लॅस्टिकच्या भावात दिली. तुम्ही पण असंच करा, नुसती कचऱ्याच्या गाडीत टाकली तर कोणीतरी उचलून स्वतःच्या लेकराला त्यात बसवेल, आणि त्याला काहीच माहीत नसेल.

कायद्याचं पण दुकानात लोक विचारत होते. 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात कलम 194 ब आलंय, 14 वर्षांखालचं मूल गाडीत सीट बेल्ट किंवा कार सीटशिवाय असेल तर 1000 रुपये दंड. आम्हाला तरी सोलापुरात ह्यासाठी कोणी थांबवलेलं बघितलं नाही. दंडासाठी घेऊच नका, आपल्या लेकरासाठी घ्या. सात रस्त्याला रोज संध्याकाळी बघते, पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ, किंवा दोन सीटच्या मध्ये उभं लेकरू, आणि माझ्या पोटात गोळा येतो. त्याच दुकानात स्कूटरवर लेकराला मोठ्या माणसाशी बांधायचा हार्नेसही मिळतो. 2022 ला त्याचा नियम निघालाय, 4 वर्षांखालच्या लेकराला हार्नेस, 9 महिन्यांच्या पुढे हेल्मेट, आणि स्पीड 40 च्या आत. आम्ही तोही घेतला, घराजवळच्या फेऱ्यांना उपयोगी पडतो.

कोणाला जायचं असेल तर सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, संध्याकाळी गर्दीत मालकांना वेळ नसतो आणि गाडीत बसवून बघणं होत नाही. लेकराला सोबत न्या, उंची ते तिथेच भिंतीवरच्या पट्टीवर मोजतात. गाडी पार्क चौकाकडे लावा. जुन्या सीटचं पुस्तक आणि धडकेनंतर काढलेले गाडीचे फोटो, त्या बाजूच्या दरवाजाचे तर नक्की, मोबाईलवर असू द्या, मालक ते मागतातच. रंग दुकानात असेल तोच घेतलात तर सीट त्याच दिवशी घरी येईल. माझ्या खोबणी आल्या की इथेच लिहीन.